तीन दारांचं उसनं

भाताचा भारा उचलताना देऊच्या हाताला घोणस चावली, तेव्हा तानी शेताच्या खालच्या बांधावर पेंढ्या बांधत होती. देऊ ओरडला नाही. त्याने भारा खाली ठेवला, हात झटकला आणि बायकोला हाक मारून सांगितलं की पेंढीत हात घालू नकोस, आत जनावर आहे. मग तो बांधावर बसला. तानी धावत पोचली तोवर त्याचा पंजा सुजून कणगराच्या कंदासारखा झाला होता आणि हिरड्यांतून रक्त झिरपत होतं.

बारवी धरणाच्या अंगाला, डोंगराच्या पोटात त्यांची वाडी. बदलापूरला जायला डांबरी रस्ता आहे, पण तो वाडीत शिरायच्या आधीच संपतो. त्या दिवशी नशीब एवढंच की देऊचा धाकटा भाऊ नाथा कापणीसाठी सुट्टी काढून आला होता. नाथा बदलापुरात नव्या इमारतींना रंग द्यायचं काम करी. त्याच्याकडे मोटारसायकल होती. देऊला मध्ये घेऊन आणि मागे तानीला बसवून त्याने गाडी हाणली. रस्ताभर तानी नवऱ्याला एकच गोष्ट बजावत राहिली, झोपायचं नाही.

नाथाने आधी गाडी नेली ती स्टेशनजवळच्या एका खासगी दवाखान्यात. तिथल्या भिंती त्यानेच रंगवल्या होत्या, म्हणून तो त्याला ओळखीचा वाटे. काउंटरवरच्या मुलीने सापाच्या विषावरच्या लसीच्या एका बाटलीची किंमत सांगितली, अशा किमान किती लागतील ते सांगितलं आणि वर खाटेचे, डॉक्टरांचे वेगळे. नाथाने मोबाइलवर हिशेब करायला घेतला आणि अर्ध्यावरच मोबाइल खिशात टाकला. मुलगी जरा पुढे वाकली आणि हळू आवाजात म्हणाली, की सरकारीत जा, हीच लस तिथं फुकट आहे, उगाच वेळ घालवू नका. पुढे कित्येक दिवस तानी त्या मुलीचं नाव विचारायचं राहून गेलं म्हणून हळहळत होती.

सरकारी दवाखान्यात तानीने केसपेपरसाठी पदराची गाठ सोडली, तर खिडकीतल्या माणसाने मान हलवली आणि पैसे आत ठेवायला सांगितलं. डॉक्टर माधवी नावाच्या बाई होत्या, तिशीतल्या, डोळ्यांखाली काळं आलेल्या. त्यांनी देऊचं थोडं रक्त काचेच्या नळीत घेतलं, नळी टेबलावर उभी केली आणि सगळ्यांना बजावलं की वीस मिनिटं तिला कोणी हात लावायचा नाही. रक्त गोठलं तर ठीक. वीस मिनिटांनी त्यांनी नळी तिरकी केली, तर आतलं रक्त पाण्यासारखं ओघळलं.

मग बकुळा नावाच्या सिस्टर लसीच्या बाटल्या घेऊन बसल्या. बाटलीत पांढरी पूड असते. तिच्यात पाणी सोडायचं आणि बाटली दोन्ही तळव्यांत धरून गोल गोल फिरवायची. हलवली की फेस येतो आणि लस वाया जाते. तानी समोर बसून बघत होती. एक बाटली विरघळली की सिस्टर दुसरी घेत. घाई असूनही हात घाई करत नव्हते, हे तानीच्या लक्षात राहिलं.

संध्याकाळ व्हायच्या सुमाराला नळीतलं रक्त पुन्हा ओघळलं. दुसरी खेप द्यायला हवी होती आणि कपाटात तेवढ्या बाटल्या उरल्या नव्हत्या. भातकापणीचे दिवस, डोंगराकडून रोज कोणी ना कोणी येतच होतं. माधवीबाईंनी दोन फोन लावले. मग तानीजवळ येऊन तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"घाबरू नका. अंबरनाथहून आणि उल्हासनगरहून उसन्या बाटल्या मागवल्यात. गाडी निघालीय."

बाई हे सहज बोलल्या. एका दवाखान्याने दुसऱ्याकडून औषध उसनं घ्यायचं आणि आपला साठा आला की परत करायचं, हे नेहमीचंच. पण तानीच्या कानाने त्यातला एकच शब्द पकडला.

वाडीत उसन्याला कायदा आहे. कोणी तो लिहून ठेवलेला नाही, पण पोराटोरांनाही पाठ असतो. पैसे घेतले तर ते कर्ज. ते सावकाराचं, बँकेचं, आज ना उद्या कसंही फिटतं. उसनं वेगळं. पायलीभर तांदूळ नेले तर तांदूळच परत द्यायचे, मीठ नेलं तर मीठ. ज्याने मागितलं त्यानेच परत न्यायचं, दुसऱ्याच्या हाती धाडायचं नाही. आणि ते फिटेपर्यंत त्या दारात पुन्हा काही मागायला उभं राहायचं नाही. तानीच्या सासूने एका पावसाळ्यात चुलीला लाकूड नसताना कच्चे कंद खाल्ले होते, पण आधीचं उसनं फिटलं नव्हतं म्हणून शेजारच्या दारात गेली नव्हती. हे वाडीत अजून सांगतात आणि सांगताना हसत नाहीत.

दुसऱ्या खेपेनंतर रक्त गोठू लागलं. पण हिरड्यांतून बरंच गेलं होतं, म्हणून देऊला गाडीत घालून उल्हासनगरच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात हलवलं. तिथं त्याला रक्ताच्या दोन पिशव्या चढल्या. पिशवी कुठून आली असं तानीने विचारलं, तेव्हा वॉर्डातल्या बाईने खालच्या मजल्याकडे बोट दाखवलं. रक्तपेढी. कोणीतरी दिलेलं असतं, मावशी, ती म्हणाली आणि पुढच्या खाटेकडे गेली.

आठवड्याभराने देऊ घरी आला. तोवर सावडीच्या माणसांनी त्यांचं भात कापून खळ्यावर आणून टाकलं होतं. त्याचा हिशेब सरळ होता. तानी पाच घरांच्या शेतात जाऊन राबली आणि मोकळी झाली. पण बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर ही तीन दारं तिच्या मनातून जाईनात. अंबरनाथ तिला माहीत होतं ते शिवमंदिरापुरतं. महाशिवरात्रीला दोनदा गेली होती. तिथल्या दवाखान्याचं दार तर तिने पाहिलंही नव्हतं. न पाहिलेल्या दाराचं उसनं अंगावर असणं तिला फार अवघड वाटे.

देऊला हात दाखवायला नाथाच्या गाडीवरून बदलापूरला नेलं. तेव्हा तिने माधवीबाईंना सरळ विचारलं, की त्या बाटल्या कशा फेडायच्या. बाईंना आधी प्रश्नच कळला नाही. कळला तेव्हा त्या हसल्या, पण चेष्टेने नाही. त्यांनी सांगितलं की बाटल्या त्यांच्या त्यांनी केव्हाच परत धाडल्यात, सरकारकडून नवा साठा आला. तानीने विचारलं, सरकारनं कुठून आणल्या? सरकारनं विकत घेतल्या. कोणाच्या पैशानं?

बाहेर रांग होती. तरी बाईंनी पेन खाली ठेवलं.

"तुमच्याच. तुम्ही साबण घेता, काडेपेटी घेता, हा तुमचा दीर मोबाइलला रिचार्ज मारतो. प्रत्येक वेळी त्यातले थोडे पैसे सरकारकडे जातात. त्याच्यातूनच हे सगळं येतं. म्हणजे तुम्ही आधीच दिलेलं आहे."

तानीने बोटांवर साबणाच्या वड्या मोजल्या.

"बाई, इतका साबन मी जल्मात लावला नाय."

खाटेवर बसलेला देऊ खो खो हसला आणि सुजरा हात पोटाशी धरून कण्हला. बाईही हसल्या. पण तानीने विषय सोडला नाही. तिचं म्हणणं असं, की माझ्या साबणातून एखादी बाटली आली असेल, फार तर. बाकीच्या कोणाच्या साबणातून आल्या?

"सगळ्यांच्या," बाई म्हणाल्या. "कल्याणच्या, नागपूरच्या, कुठल्याही. सगळ्यांचं थोडं थोडं."

"म्हंजे सगल्यांचं उसनं."

 माधवीबाई म्हणाल्या की असं कधी त्यांनी पाहिलं नव्हतं, पण हो, तसंच आहे म्हणायला हरकत नाही. आणि औषध काही तुम्हाला परत करता येणार नाही, ते कारखान्यात होतं. रक्त मात्र कारखान्यात होत नाही. मनात असेल तर ते द्या.

एवढं तानीला पुरलं. जसंच्या तसं परत करता येईल अशी एक तरी वस्तू सापडली होती.

भाताची झोडपणी उरकल्यावर एका सकाळी वाडीतली टेम्पोभर माणसं उल्हासनगरला निघाली. देऊला नेलं नव्हतं. त्याला स्वतःलाच रक्त कमी होतं. नाथाने सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की काही दुखत नाही, मुंगी चावल्यासारखं वाटतं. रक्तपेढीच्या दारातून सुई दिसली, तेव्हा दोन धडधाकट गडी चहा प्यायला म्हणून गेले ते टेम्पोतच जाऊन बसले.

रक्तपेढीत प्रीतम नावाचा तंत्रज्ञ होता, उल्हासनगरचाच, सिंधी. चार भाषा एका वाक्यात बोलायचा. नाथाला तो पहिल्याच भेटीत 'साईं' म्हणू लागला, तानीला 'माई'. त्याच्यासमोर निळ्या पाण्याचा काचेचा पेला होता. ज्याला रक्त द्यायचं त्याच्या बोटाला टोचून एक थेंब त्या पाण्यात सोडायचा. थेंब तळाला बसला तर रक्त दाट, घ्यायला हरकत नाही. वर तरंगला तर पातळ, परत जा.

नाथाचा थेंब दगडासारखा खाली गेला. आणखी तिघांचे गेले. तानीचा थेंब पाण्यात उतरला, जरासा खाली गेल्यासारखा झाला आणि वर येऊन गोल गोल फिरू लागला.

प्रीतमने दुसरं बोट टोचलं. तोही तरंगला. मग त्याने मशिनवर मोजलं आणि ओठ मुडपले.

"माई, तुझ्यातच रक्त नाही. तू काय देणार?"

तानीला वाटलं माणूस टाळतोय. आपण डोंगरावरच्या, आपलं रक्त नको असेल. तिने त्याला विचारलं की माझ्या नवऱ्याला तुमचं चाललं, मग तुम्हाला माझं का चालत नाही. प्रीतमचा चेहरा एकदम उतरला. तो खुर्ची ओढून तिच्यासमोर बसला आणि त्याने तिला विचारलं, चढ चढताना धाप लागते का? लागते. उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी? येते. किती दिवस? तानीने आठवून सांगितलं की धाकट्या मुलीच्या वेळेपासून. धाकटी आता सहावीत होती.

"और तू डॉक्टरला सांगितलं नाहीस."

सांगितलं नव्हतं. चालत होतं तोवर चालवलं होतं. आणि देऊला साप चावल्यापासून तर सांगणं शक्यच नव्हतं, आधीचं फिटायचं होतं.

प्रीतमने तिला वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरांकडे नेलं. तिथं तपासण्या झाल्या, जंताची गोळी मिळाली आणि लोहाच्या लाल गोळ्यांची पाकिटं समोर आली, तीन महिने पुरतील एवढी. संपल्या की बदलापूरलाच मिळतील, असंही सांगितलं. तानीने पाकिटांकडे पाहिलं आणि हात पदराखाली घेतला.

ती जिन्यात बसून राहिली. नाथा खाली बिस्किटं खात होता, हाताला पट्टी. त्याने येऊन सांगितलं की वयनी, झालं की आता, चौघांनी दिलं, दोन पिशव्या होत्या त्याच्या चार झाल्या.

"तू दिलंस म्हंजे आता तुझं उसनं झालं माझ्यावर," तानी म्हणाली. "मी मागलं होतं, मना देयाचं हाय. आन हे लोक मनाच वरनं गोल्या देतात. फेडाया आले ती अजून घेऊन जाऊ? कसल्या तोंडाने?"

नाथाने तिची समजूत घालायचा प्रयत्न केला. मोफत आहे म्हणाला, सगळ्यांना देतात म्हणाला. तानी हलली नाही. प्रीतम जिन्याच्या कठड्याला टेकून ऐकत होता; त्याला यातलं निम्मंच कळत होतं. गोळी खाल्ली तर रक्त वाढेल आणि मग तूच येऊन दे, एवढं तो दोनदा बोलला. दुसऱ्यांदा बोलला तेव्हा नाथा तोंडातलं बिस्कीट चावायचा थांबला.

"वयनी, हा बियानं देतोय तुला."

तानीने वर पाहिलं.

"बियान्याचं उसनं कवा फेडतात? पेरायच्या आधी का पिकल्यावर?" नाथाने विचारलं.

 बियाण्याला वेगळा नियम आहे, हे वाडीत तानीहून कोणाला जास्त ठाऊक नव्हतं. ज्या वर्षी ज्याच्याकडे बी उरत नाही, त्याला आधीचं थकलं असलं तरी बी मिळतं. नाहीतर तो फेडणार कशातून. ती उठली, वर गेली आणि पाकिटं घेऊन आली. प्रीतमला तिने विचारलं की शिमग्यानंतर आले तर चालेल का.

"माई, मी इथंच आहे. रिटायरमेंटला बारा साल बाकी."

त्या गोळ्यांनी तिचं पोट कुरकुरायचं. तोंडाला लोखंडाची चव यायची. देऊ म्हणायचा, विळ्याला धार लावायची तर तुझ्या जिभेवर लावू का. डॉक्टरांनी गोळीबरोबर चहा पिऊ नको म्हटलं होतं, तेवढं मात्र तिला जड गेलं. पण पौषात लाकडं घेऊन चढ चढताना एकदा ती मध्येच थांबली आणि मागच्या बायांनी विचारलं, काय झालं, तेव्हा तिच्या लक्षात आलं की ती धाप लागली म्हणून थांबलेली नाही. बाकीच्या मागे राहिल्या होत्या. पहिल्यांदा तिला तिच्या वयाच्या बायांसाठी थांबावं लागलं होतं.

शिमगा झाला. तानी आणि देऊ दोघंच उल्हासनगरला गेले. निळ्या पाण्यात थेंब पडला, क्षणभर मध्ये रेंगाळला आणि तळाला जाऊन बसला. प्रीतमने पेला उचलून उजेडाकडे धरला आणि तिला दाखवला.

तिचं रक्त नळीतून जात होतं तेव्हा तिने त्याला विचारलं की हे अंबरनाथला कसं पोचवायचं, आणि बदलापूरला. तिला वाटत होतं की तिथंही वेगळं जावं लागेल. प्रीतम म्हणाला की इथली पिशवी तिन्हीकडे जाते, जिथून मागणी येईल तिथं. कोणाला मिळेल ते त्यालाही सांगता येणार नाही. तानीने डोळे मिटले. कोणी अनोळखी बाई, कुठल्या तरी खाटेवर, आणि तिच्या अंगात हे जाणार. तिला फार बरं वाटलं. गेले कित्येक महिने मनात धरून ठेवलेलं काही तरी हातातून सुटून योग्य जागी पडल्यासारखं.

परतताना तिने हट्टाने देऊला बदलापूरच्या दवाखान्यात नेलं. माधवीबाईंना सांगायचं होतं. पण त्यांची महिन्यापूर्वीच बदली झाली होती. खुर्चीत अक्षय नावाचा तरुण डॉक्टर होता, नवा कोरा, दाढी नीट न फुटलेला. बकुळा सिस्टर सुट्टीवर होत्या. तानी जरा वेळ दारात घुटमळली. मग आत जाऊन टेबलासमोर उभी राहिली आणि म्हणाली की देऊसाठी उसनं घेतलं होतं, ते आज उल्हासनगरला दिलं, एवढं सांगायला आले.

डॉक्टरने केसपेपर मागितला. मग ते तसलं नाही हे त्याच्या लक्षात आलं.

"ताई, मी इथं नवीन आहे. मला यातलं काही माहीत नाही."

"तुमी नवीन असाल," तानी म्हणाली. "मी दाराला सांगते."

तो गोंधळून हसला. सांगितल्याबद्दल आभार म्हणाला. का म्हणाला ते त्यालाही कळलं नसावं. मग त्याची नजर देऊच्या हाताकडे गेली. त्याने हात हातात घेतला, उलटसुलट केला आणि मूठ वळायला सांगितली. अंगठा आणि दोन बोटं वळली, करंगळीच्या बाजूची दोन अर्ध्यावरच थांबली. याचं कोणी काही सांगितलं नाही का, असं त्याने विचारलं. देऊ म्हणाला, जीव राहिला, बोटांचं कोण बघतो.

"मी बघतो," डॉक्टर म्हणाला. "ही बोटं सुटतील. रोज ओला कपडा घ्यायचा आणि दोन्ही हातांनी पिळायचा. सकाळ-संध्याकाळ, जमेल तितकं. पंधरा दिवसांनी येऊन दाखवायचं."

तानी दोघांकडे आळीपाळीने बघत होती. पंधरा दिवसांनी यायला तिच्या मनात आता कसलाच अडसर नव्हता. ती डॉक्टरला म्हणाली की काळजी करू नका, घरात सहा माणसांचं धुणं असतं. आणि देऊकडे वळून तिने विचारलं, ऐकलंस ना साहेब काय म्हणाले ते. देऊ खुर्चीतून उठता उठता म्हणाला, की डॉक्टरांनी निदान बायकोचं लुगडं तरी वगळायला हवं होतं.